हिराई : एका नावाची कुळकथा

भगिनींनो, हिरा, हिराबाई ही नावे आता आजीबाईंची समजली जातात. नातीला ते नाव ठेवावे असे सहसा कोणी म्हणत नाही. माझ्या आजीचे नावही हिराबाईच होते. परंतु निदान आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीत तरी हे नाव जुनाट म्हणून टाकून देण्याजोगे नाही, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

संस्कृतात हिऱ्याचे जुने नाव वज्र. इंद्राचे आयुध ते वज्र, आणि सर्व रत्नांना कापणारे पण त्यांच्याकडून न कापले जाणारे रत्न तेही वज्रच. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त रत्नपरीक्षा सांगितली, तिथेही हिऱ्याला वज्र म्हटले आहे. हीर आणि हीरक हेही संस्कृत शब्द आहेत. 'हीरक' मराठीत आला तो हिरा होऊन. त्यापुढे 'बाई' लावली की मान होतो, 'आई' लावली की माया येते. जिजाची जिजाई, तशी हिराची हिराई.

आता गंमत पाहा. 'वज्र' प्राकृतात 'वइर' होते, आणि 'आकर' म्हणजे खाण, तिचे 'आगर' होते. वज्राकर, वइरागर आणि शेवटी आरमोरी तालुक्यातील आपले वैरागड! तेव्हा या गावाच्या नावात वैरही नाही नि मुळात गडही नाही. आहे ती हिऱ्यांची खाण. अकराव्या शतकातील कुलोत्तुंग चोळ राजाच्या लेखांत 'वयिरागरम्' येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख आहे. ते स्थान हेच असे अनेक अभ्यासक मानतात. अकबराच्या काळी अबुल फजलनेही 'ऐन-इ-अकबरी'त इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली. खाणी केव्हाच संपल्या. नाव मात्र टिकले.

राणीचे नाव या खाणीवरून पडले असे मी म्हणत नाही. तिची कीर्ती तिच्या कर्तृत्वावर उभी आहे. हिराई ही चांद्याच्या गोंड राजा बीरशहाची राणी. त्यांची कन्या मानकुंवर देवगडच्या घराण्यात दिली होती. तिचा तिथे अपमान झाला म्हणून बीरशहाने जावयाशी युद्ध केले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. अठराव्या शतकाच्या आरंभी हिरामण नावाच्या रजपुताने बीरशहाचा खून केला. हिरामण म्हणजे हीर आणि मणि! मारेकऱ्याच्या आणि विधवेच्या नावात एकच रत्न. यावरून कळते की, नाव आईबाप ठेवतात, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याने आयुष्यभर लिहायचा असतो.

हिराईला पुत्र नव्हता. तिने चंदनखेड्याच्या गोविंदशहाचा मुलगा रामशहा दत्तक घेतला आणि तो जाणता होईपर्यंत राज्यकारभार स्वतः चालविला. अचलेश्वराजवळची बीरशहाची समाधी तिनेच बांधली. महाकालीचे मंदिर आज ज्या रूपात दिसते तेही तिचेच काम. चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून हजारो स्त्रिया झरपटेच्या काठी येतात, त्या हिराईने उभारलेल्या छायेतच देवीपुढे हात जोडतात.

गोंड राणीचे नाव संस्कृत मुळाचे कसे, असे कोणी विचारील. त्यावरून तिचे गोंडपण कमी होत नाही. या जंगलमुलखात गोंडी, मराठी, तेलुगू आणि हिंदी शेजारी राहिल्या. त्यांनी मीठमिरचीसारखी नावेही एकमेकींकडून उसनी घेतली. राणीने ते नाव मोठे केले.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. समाधी बीरशहाची म्हणून ओळखली जाते, मंदिर देवीचे म्हणून. बांधणारीचे नाव दगडावर शोधावे लागते. घराघरांतही हेच झाले. कितीतरी हिराबाई 'अमक्याची बायको' आणि 'तमक्याची आई' म्हणूनच गेल्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, हे चांगलेच झाले. परंतु कागदाआधी आपल्या ओठांवर ते नाव यावयास हवे. प्रत्येकीने आपल्या आजीचे आणि पणजीचे नाव मुलांना शिकवावे, त्याचा अर्थ सांगावा, आणि त्या बाईने काय केले तेही सांगावे. वैरागडच्या खाणी आटल्या. घरातल्या खाणी अजून शाबूत आहेत.