माणसाचा जंत, डुकराचा जंत

आपल्याकडे एक समज घट्ट आहे: आपण डुक्कर खात नाही, तेव्हा डुकराचे आजार आपल्या घरात येणार नाहीत. जालन्यात उकिरड्यावर, गटारीच्या कडेला डुकरं फिरताना दिसली की आपण नाक मुरडून पुढे जातो. जंतांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

पोटातल्या जंतांच्या नोंदी फार जुन्या आहेत. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार आहेत. इब्न सीनांच्या ‘अल-कानून’मध्ये लांब कृमी वेगळे सांगितले आहेत. १७५८ मध्ये लिनियसने माणसाच्या गोल जंताला शास्त्रीय नाव दिलं, १७८२ मध्ये गोएझेने डुकराच्या जंताला दुसरं. नावं दोन झाली, पण दोघे दिसायला जवळपास सारखेच. मग हे खरंच दोन की एकच?

१९२२ मध्ये जपानच्या कोइनो यांनी माणसाच्या जंताची २००० अंडी स्वतः गिळली आणि भावाला डुकराच्या जंताची ५०० अंडी दिली. कोइनो आजारी पडले, त्यांच्या थुंकीत अळ्या निघाल्या. जंताची अळी फुप्फुसातून प्रवास करते हे कळलं. मूळ प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर पुढे जनुकांत शोधलं गेलं. १९९० च्या दशकात ग्वाटेमालात एकाच गावातली माणसं आणि डुकरं तपासली, तर त्यांचे जंत वेगळ्या वंशांचे निघाले. डेन्मार्कमध्ये २००५ साली उलट दिसलं: माणसांतले जंत डुकरांकडून आलेले होते. २०२० मध्ये केनियातल्या गावकऱ्यांच्या जंतांत दोन्हींचा संकर आढळला. म्हणजे मध्ये भिंत आहे, पण तिला दारं आहेत.

आणि हा जंत येतो तो मांसातून नव्हे, मातीतून. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत जातात, तिथे काही आठवड्यांत पिकतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. न धुतलेली कोथिंबीर, खेळून आलेल्या मुलाची नखं, एवढं पुरतं.

तेव्हा इथे हराम-हलालचा परहेज कामी येत नाही, तहारत येते. आणि तीही एकट्याच्या हात धुण्याने पुरी होत नाही. मोहल्ल्याला बंद गटार आणि प्रत्येक घराला संडास लागतो. तो मागणं आपलं काम आहे. २०१५ पासून देशात १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ‘आमच्यात हे होत नाही’ म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.