हेटेरोसिस्टचे कोडे

ॲनाबिना या नील-हरित शैवालाच्या तंतूत साधारणतः दर दहा-पंधरा पेशींनंतर एक जाड भिंतीची, फिकट पेशी आढळते. हीच हेटेरोसिस्ट. पूर्ण वाढ झाल्यावर ती विभागत नाही. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी कोणी तिला लुप्तप्राय जननेंद्रिय मानले, तर कोणी अन्नाची कोठी. लंडनचे शैवालतज्ज्ञ एफ. ई. फ्रिट्श यांनी १९५१ साली लिनियन सोसायटीपुढे तिचे वर्णन ‘कोडे’ असेच केले.

आश्चर्य असे की, याच फ्रिट्श यांनी पी. के. डे यांजसमवेत १९३८ साली नील-हरित शैवाले हवेतील नत्र बांधतात, असे प्रसिद्ध केले होते. भातखाचरांतील नत्राच्या भरपाईत या शैवालांचा वाटा मोठा आहे, हे डे यांनी १९३९ मध्ये दाखविले. म्हणजे धाग्याची दोन्ही टोके एकाच हाती होती. परंतु प्रश्न पेशीच्या आकाराविषयी विचारला जात होता, टंचाईविषयी नव्हे.

तो बदल जी. ई. फॉग यांनी केला. अमोनिया किंवा तत्सम पदार्थाचे पेशीतील प्रमाण एका मर्यादेखाली उतरले की साधी पेशी हेटेरोसिस्ट बनते, असा तर्क त्यांनी १९४९ मध्येच मांडला. तरीही हेटेरोसिस्ट हेच नत्रस्थिरीकरणाचे स्थान असावे, हा विचार फे, स्टुअर्ट, वॉल्सबी व फॉग यांनी मांडावयास १९६८ साल उजाडले. नायट्रोजनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते. आणि या पेशीत प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू निघतच नाही.

पुढील शोध जनुकांचे आहेत. या रूपांतरात नत्रस्थिरीकरणाच्या एका जनुकात शिरलेला, सुमारे ११,००० आधारक-जोड्यांचा डीएनएचा तुकडा कापून बाजूस टाकला जातो, हे गोल्डन, रॉबिन्सन व हॅझेलकॉर्न यांना १९८५ मध्ये आढळले. अशी पेशी मागे फिरावी कशी? १९९१ मध्ये ब्युकेमा व हॅझेलकॉर्न यांनी हेटआर जनुक वेगळे केले. ते बिघडल्यास हेटेरोसिस्ट बनत नाही; त्याच्या जादा प्रती दिल्यास नत्र विपुल असतानाही ती बनते. रूपांतर पावणारी पेशी एका लहान पेप्टाइडद्वारे शेजारणींना रोखते, हे १९९८ मध्ये कळले.

फॉग यांचा तर्क मात्र थोड्या फरकाने खरा ठरला. पेशी अमोनियाचे मोजमाप थेट करीत नाही. नत्र मिळेनासे झाले की त्याची वाट पाहणारे टू-ऑक्सोग्लुटरेट साचते, एनटीसीए हे नियामक प्रथिन त्यामुळे सक्रिय होते, आणि मधल्या काही पायऱ्यांनंतर हेटआरचे कार्य वाढते.