उन्हाचा नव्हे, क्ष-किरणांचा हिशेब

नागपूरच्या रुग्णालयांत क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञांच्या छातीवर आपण एक बिल्ला पाहतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे आपल्या खडूच्याच भाऊबंदाच्या, तीन चकत्या असतात. मिसळलेले डिस्प्रोझियम अगदी नाममात्र. 1886 मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना या मूलद्रव्याने इतके दमवले, की त्यांनी नावच 'सहजी हाती न लागणारे' अशा अर्थाचे ठेवले.

पूर्वी बिल्ल्यात फोटोची फिल्म असे. तिला उष्णता सोसत नसे. विदर्भाच्या उन्हाळ्यात तिचा काय भरवसा? 1975 पासून भारतात या चकत्या आल्या. किरणांच्या माऱ्याने सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील सापळ्यांत अडकतात. 45 अंशांच्या उन्हाला ते दाद देत नाहीत. 200 अंश सेल्सियसच्या पुढे तापवले की सुटतात आणि त्यांची ऊर्जा डिस्प्रोझियम निळ्या-पिवळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. प्रकाश जास्त, तर शरीराने झेललेली मात्राही जास्त. बिल्ला किरणे अडवत मात्र नाही, आणि खणात राहिला तर हिशेब खणाचाच होतो!

1990 च्या सुमारास नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पी. डी. सहारे व एस. व्ही. मोहरील यांनी पोटॅशियम-कॅल्शियम सल्फेटात युरोपियम मिसळले. तो पदार्थ याहूनही संवेदनशील निघाला.