तीन मतदार, सात उमेदवार

ब्रिटनने १९९९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्समधल्या वंशपरंपरागत सरदारांना घरी पाठवलं, पण तडजोड म्हणून ९२ जण ठेवले. पुढे त्यातला कुणी गेला की पोटनिवडणूक! उमेदवारही अर्थात सरदारच.

२०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट लॉर्ड एव्हबरी वारले. मतदार कोण? त्याच पक्षाचे उरलेले वारसदार सभासद. एकूण तीन. उमेदवार सात, त्यात बर्ट्रांड रसेलचा नातूसुद्धा. तिन्ही मतं व्हायकाउंट थर्सोंना. मतदान १००%! गंमत म्हणजे हेच एव्हबरी १९६२ ला, एरिक लबक म्हणून, ऑर्पिंग्टनची खरीखुरी पोटनिवडणूक साडेसात हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते.

आता खर्च. तीन मतपत्रिकांना असा कितीसा लागणार? म्हणून तर हा विषय हसण्यावारी नेता येतो. पण मिळणारी जागा तहहयात, आणि हजेरीभत्ता तेव्हा दिवसाला ३०० पौंड, तोही करमुक्त. माझ्या मते हिशोब तिथून धरायला हवा. लेबरचे लॉर्ड ग्रोकॉट या निवडणुका बंद करायचं विधेयक वर्षानुवर्षं आणत राहिले, आणि मूठभर सभासद ते दुरुस्त्यांखाली गाडत राहिले. शेवटी जुलै २०२४ मध्ये सभागृहानेच त्या थांबवल्या.