ना होकार, ना नकार : ‘ग्लोमर’ची कुळकथा

अमेरिकेत सरकारी कागद मागवून बातम्या काढणाऱ्या पत्रकारांच्या आणि त्यांच्या वकिलांच्या बोलण्यात एक शब्द नेहमी येतो. अर्ज केला आणि ‘ग्लोमर’ मिळाला, असे ते सांगतात. ग्लोमर मिळाला म्हणजे खात्याचे पत्र आले आणि त्यात लिहिले होते : आपण मागितलेली कागदपत्रे अस्तित्वात आहेत याला आम्ही दुजोरा देऊ शकत नाही आणि त्याचा इन्कारही करू शकत नाही.

माहिती अधिकारात ज्याने कधी अर्ज केला आहे, त्याला या वाक्याची धार लगेच कळेल. ‘देता येत नाही’ असे उत्तर आले तर कोणत्या कलमाखाली, ते विचारून अपिलात जाता येते. ‘संचिका आढळून येत नाही’ असे आले तर आवक-जावक नोंदवही मागता येते. ग्लोमरमध्ये बोट ठेवायला जागाच नसते. आपण असल्या उत्तराला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो, पण धर्मराजाने निदान अश्वत्थामा नावाचे कोणीतरी मेले आहे एवढे कबूल केले होते. इथे तेवढेही पदरात पडत नाही.

असले उत्तर एखादे फार मोठे लष्करी गुपित राखण्यासाठी जन्मले असणार, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. गुपित होते, हे खरे. पण वाक्य लिहिले गेले तेव्हा ते गुपित रेडिओवर फुटून गेलेले होते. वाक्याने झाकले ते दुसरेच काही, आणि त्यासाठीच ही कुळकथा सांगायची आहे.

शब्द मुळात एका कंपनीचा. ‘ग्लोबल मरीन’ ही समुद्रात खोल विहिरी खणणारी कॅलिफोर्नियातली कंपनी. आपल्या नावाची दोन टोके जोडून तिने ‘ग्लोमर’ हा शब्द घडवला आणि तो आडनावासारखा आपल्या जहाजांना लावला. त्यातले ‘ग्लोमर चॅलेंजर’ विज्ञानाच्या इतिहासात मानाने नोंदले गेले आहे. १९६८पासून त्याने समुद्रतळातून काढलेल्या नमुन्यांनी भूखंड सरकतात या सिद्धान्ताला भक्कम पुरावा दिला. ‘ह्यूज ग्लोमर एक्स्प्लोरर’ हे त्याच घराण्यातले धाकटे भावंड. शब्दकोशात जागा मिळाली ती मात्र याला.

१९६८च्याच मार्चमध्ये सोव्हिएत नौदलाची के-१२९ ही पाणबुडी ९८ माणसांसह उत्तर पॅसिफिकमध्ये बुडाली. तिच्यावर अण्वस्त्रे वाहणारी तीन क्षेपणास्त्रे होती. सोव्हिएत जहाजांनी पुष्कळ शोध घेतला आणि हात हलवत परतली. अमेरिकन नौदलाला मात्र पाण्याखालच्या श्रवणयंत्रांमुळे जागेचा अंदाज आला, आणि ‘हॅलिबट’ या पाणबुडीने सोडलेल्या कॅमेऱ्यांनी तळाशी पडलेल्या सांगाड्याची छायाचित्रे काढली. खोली सुमारे पाच हजार मीटर. सीआयएने ठरवले की हा सांगाडा उचलून आणायचा. मोहिमेचे सांकेतिक नाव ‘अझोरियन’.

त्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरच्या गोदीत १८८ मीटर लांबीचे ‘ह्यूज ग्लोमर एक्स्प्लोरर’ हे जहाज बांधले गेले. त्याच्या पोटात एक प्रचंड हौद होता आणि हौदाचा तळ उघडत असे. त्यातून नळाला नळ जोडत एक अजस्र पोलादी पंजा खाली सोडायचा, पाणबुडी पकडायची आणि तशीच पोटात ओढून घ्यायची. पंजा लॉकहीडने बांधला. १ मे १९६० रोजी सोव्हिएत हद्दीत पाडले गेलेले यू-२ हे हेरगिरीचे विमानही लॉकहीडचेच होते. ते विमान हवामानाची पाहणी करत होते असे अमेरिकेने आधी सांगितले, वैमानिक जिवंत सापडल्यावर ते खोटे उघडे पडले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना जगासमोर कबुली द्यावी लागली. ती फजिती सीआयए विसरली नव्हती.

एवढे मोठे जहाज लपत नाही. म्हणून ते उघडपणे बांधायचे आणि त्याचा हेतू खोटा सांगायचा, असे ठरले. खोट्या हेतूसाठी खरा मालक हवा होता, आणि उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांच्याइतका सोयीचा मालक दुसरा नव्हता. ह्यूज टूल कंपनी सगळीच्या सगळी त्यांची. भागधारक नाहीत, वार्षिक सभेत प्रश्न नाहीत, हिशेब विचारणारे कोणी नाही. स्वतः ह्यूज वर्षानुवर्षे हॉटेलांच्या बंद खोल्यांत राहत होते. त्यांनी काहीही गुप्तपणे केले तरी लोकांना नवल वाटत नसे.

सत्तेशी त्यांचे संबंध जुने होते. डिसेंबर १९५६ मध्ये, रिचर्ड निक्सन उपराष्ट्राध्यक्ष असताना, ह्यूज टूल कंपनीने त्यांच्या भावाला २,०५,००० डॉलर कर्ज दिले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ह्यूज यांच्या वैद्यकीय संस्थेला करमाफी मिळाली, जी आधी नाकारली गेली होती. दोन्हींचा सांधा कोणी सिद्ध केला नाही. निक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ह्यूज यांच्याकडून आलेले एक लाख डॉलर रोख त्यांचे मित्र बीबी रेबोझो यांच्या हाती पडले, आणि वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीने त्या पैशाचा बराच माग काढला. बड्या उद्योगपतीने राज्यकर्त्यांवर उपकार करून ठेवावेत, ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. या प्रकरणात उपकाराची तऱ्हा निराळी होती : सरकारने एका खासगी कंपनीचे नाव बुरखा म्हणून उसने घेतले.

बुरख्याची गोष्ट अशी रचली की ह्यूज समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे गोळा करणार आहेत. बटाट्याएवढे हे गोळे खरोखरच असतात आणि त्यांत मँगनीजबरोबर निकेल, तांबे, कोबाल्टही असते. पत्रकारांना माहिती दिली गेली, खाणतज्ज्ञांच्या बैठकांत चर्चा झाली, दुसऱ्या कंपन्याही या धंद्याकडे ओढल्या गेल्या. त्याच वेळी हे धन कोणाचे यावर जगात वाद चालू होता. समुद्रतळ हा सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा आहे, असे माल्टाचे राजदूत आर्विड पार्डो यांनी १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडले होते. १९७४च्या उन्हाळ्यात काराकासमध्ये समुद्र कायद्याची परिषद भरली. विकसनशील देश तिथे आपला वाटा मागत होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकन उद्योगपतीचे ‘खाणजहाज’ पॅसिफिकमध्ये कामाला लागले होते. त्या देशांचे प्रतिनिधी ज्या जहाजाची धास्ती घेत होते, त्याला गोळ्यांशी काही देणेघेणे नव्हते. मला या साऱ्या प्रकरणात हा अपराध लहान वाटत नाही. शत्रूला फसवणे हे हेरखात्याचे काम मानले, तरी इथे जे फसले ते शत्रू नव्हते.

गोळे खरे होते म्हणून पुढे खरे कामही झाले, आणि त्यातला एक धागा गोव्यापर्यंत येतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये अरबी समुद्रातून असे गोळे वर काढले. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र शोधासाठी मिळाले. आद्य गुंतवणूकदार म्हणून नोंदला गेलेला तो पहिला देश. आपल्या शास्त्रज्ञांनी त्या छोट्या जहाजावर केलेल्या कष्टांत खोटे काही नव्हते.

जुलै १९७४ मध्ये एक्स्प्लोरर ठरल्या जागी पोहोचले. ऑगस्टमध्ये पंजाने पाणबुडी उचलली, पण वर येताना पंजाची बोटे तुटली आणि मोठा भाग पुन्हा तळाशी गेला. पुढचा तुकडा तेवढा हाती आला. त्याच ऑगस्टमध्ये तिकडे वॉशिंग्टनमध्ये निक्सन राजीनामा देऊन गेले. तुकड्यात सहा सोव्हिएत खलाशांचे मृतदेह होते. त्यांना सप्टेंबरमध्ये लष्करी सन्मानाने, दोन्ही देशांची राष्ट्रगीते वाजवून, जलसमाधी दिली गेली आणि त्याचे चित्रीकरण झाले. ती फीत १९९२ मध्ये सीआयएचे प्रमुख रॉबर्ट गेट्स यांनी मॉस्कोत बोरिस येल्त्सिन यांच्या हाती दिली. तोवर अठरा वर्षे गेली होती. या काळात त्या खलाशांच्या आयाबायांना ना त्यांच्या सरकारने काही सांगितले, ना दुसऱ्याच्या.

गुपित फुटायला चोरी कारणीभूत ठरली. जून १९७४ मध्ये हॉलिवूडच्या रोमेन स्ट्रीटवरच्या ह्यूज यांच्या कचेरीत चोर शिरले आणि रोकडीबरोबर कागदही घेऊन गेले. त्यांत या मोहिमेचा उल्लेख असलेला कागद असावा या भीतीने तपासाची चक्रे फिरली, आणि तपासाचीच कुणकुण वार्ताहरांना लागली. ७ फेब्रुवारी १९७५ रोजी लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी छापली. तपशील चुकले होते. समुद्रसुद्धा पॅसिफिकऐवजी अटलांटिक लिहिला होता. पण सीआयएचे प्रमुख विल्यम कोल्बी यांनी लगेच संपादकांना गाठायला सुरुवात केली. न्यूयॉर्क टाइम्सच्या सेमूर हर्श यांना या मोहिमेचा सुगावा आधीच लागला होता. वॉशिंग्टन पोस्ट, साप्ताहिके, वाहिन्या, सगळ्यांना विनंती गेली. देशहितासाठी थांबा. आणि सगळे थांबले. वॉटरगेट खणून काढणारी वृत्तपत्रसृष्टी, राष्ट्राध्यक्ष घालवून सहा महिने होतात न होतात तोच, एका फोनवर गप्प बसली.

१८ मार्चला जॅक अँडरसन या स्तंभलेखकाने रेडिओवर सगळे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनीही छापले. कोल्बींनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारला सल्ला दिला तो यू-२च्या आठवणीने : उघड कबुली दिली तर मॉस्कोला अपमान वाटेल, त्यांना काहीतरी करावे लागेल, आपण बोलायचे नाही. परराष्ट्रव्यवहार म्हणून यात तथ्य होते आणि मी ते नाकारत नाही. न दुजोरा, न इन्कार ही रीतही अगदी नवी नव्हती. कोणत्या जहाजावर अण्वस्त्रे आहेत, हे सांगायचे नाही, असे धोरण अमेरिकन नौदल १९५८पासून पाळत होते. याच हट्टापायी १९८५ मध्ये न्यूझीलंडने ‘बुकॅनन’ या युद्धनौकेला बंदरात येऊ दिले नाही. पण ते राष्ट्राने राष्ट्राशी बोलणे होते. आपल्याच नागरिकाशी, त्याने कायद्याने केलेल्या अर्जाला उत्तर म्हणून, असे बोलणे हे निराळे.

तो अर्ज हॅरिएट फिलिपी या ‘रोलिंग स्टोन’च्या पत्रकाराने केला. तिने पाणबुडीत काय सापडले, हे विचारलेले नव्हते. बातमी छापू नये म्हणून सीआयएच्या प्रमुखांनी आणि इतरांनी कोणाकोणाशी बोलणी केली, त्याचे कागद तिने मागितले. अँडरसनच्या प्रसारणानंतर त्या फोनांची गोष्टही उघड झाली होती. तिच्या हाती आले ते हे वाक्य. पहिल्यांदा ते नागरिकाला लिहिले गेले तेव्हा त्याच्या आड रशियनांपासून राखण्याजोगे फारसे उरले नव्हते. होती ती सरकारने आणि बड्या वृत्तपत्रांनी मिळून लोकांना अंधारात ठेवल्याची नोंद.

वेळही पाहा. माहिती स्वातंत्र्य कायदा १९६६ सालचा, पण बोथट. वॉटरगेटनंतर काँग्रेसने त्याला धार लावली. फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने नोव्हेंबर १९७४ मध्ये तो मोडून काढला आणि सुधारित कायदा फेब्रुवारी १९७५ मध्ये लागू झाला. म्हणजे कायद्याला दात फुटले त्याच वर्षी त्याला न चावता येणारे उत्तरही तयार झाले.

फिलिपी न्यायालयात गेली. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सीआयएला सुनावले की आधी शक्य तितक्या तपशिलात, जाहीरपणे, आपली कारणे प्रतिज्ञापत्रावर सांगा. पण असे उत्तर मुळात देताच येत नाही, असे काही न्यायालय म्हणाले नाही. पुढे सरकारने भूमिका बदलली, काही कागद काळ्या रेघा ओढून दिले, बाकीचे राखले. ह्यूज यांच्या कंपनीशी झालेले करार मागणाऱ्या ‘मिलिटरी ऑडिट प्रोजेक्ट’ या संस्थेलाही आधी हेच वाक्य ऐकावे लागले, आणि १९८१ मध्ये तिचा खटला संपला तेव्हा बरेच काही झाकलेलेच राहिले. लॉस एंजेलिस काउंटीने जहाजावर कर मागितला, तेव्हा मात्र सरकारच पुढे झाले : जहाज आमचे आहे, आम्हाला कर लागू नाही. कर चुकवायला मालकी चालते, जाब द्यायला चालत नाही.

१९८२ मध्ये रेगन यांनी आपल्या आदेशात हे उत्तर रीतसर लिहून टाकले. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी ते कलम तसेच ठेवले. ओबामा यांनी पद घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारी २००९ रोजी, पारदर्शकतेला प्राधान्य देण्याचे फर्मान काढले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालेल्या त्यांच्या आदेशात हे कलम होतेच. त्यांच्याच कारकिर्दीत ड्रोनहल्ल्यांबद्दल राष्ट्राध्यक्ष आणि वरिष्ठ अधिकारी जाहीर कार्यक्रमांत बोलत, आणि न्यायालयात सीआयएचे वकील म्हणत की आमचा ड्रोनशी संबंध आहे की नाही याला दुजोराही नाही, इन्कारही नाही. मार्च २०१३ मध्ये अपील न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. जून २०१४ मध्ये सीआयएने ट्विटरवर खाते उघडले, तेव्हा पहिला संदेश या वाक्यावर कोटी करणारा होता. अनेकांना त्याची मौज वाटली. मला वाटली नाही.

जहाज पुढे काही वर्षे तेलाच्या विहिरी खणत राहिले आणि २०१५च्या सुमारास मोडीत निघाले. वाक्य तोवर हेरखात्याच्या हातून निसटून शहरातल्या पोलिसांपर्यंत उतरले होते. मुस्लिमांवर न्यूयॉर्क पोलिसांची पाळत आहे अशा बातम्या आल्यावर २०१२ मध्ये हार्लेममधल्या एका इमामाने आणि रटगर्स विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने, आपल्याबद्दल काही नोंदी आहेत का, असा अर्ज केला होता. खालच्या न्यायालयांत प्रकरण वर्षानुवर्षे फिरले. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला : पोलिसांनी होही म्हणू नये, नाहीही म्हणू नये, हे कायद्याला धरून आहे.