खोटा चेकडिस्क आणि न्हावा शेवा

मागच्या दिवाळीत गावी, वरवट बकालला होतो. एका मित्रानं लॅपटॉप पुढे केला. सगळ्या फायलींच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, फोटो उघडेनात, आणि फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल: पैसे भरा. कुठूनतरी क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं होतं म्हणे. असं रॅन्समवेअर ओळखायला पीएचडी लागत नाही. पण सगळेच इतके उघड नसतात.

२७ जून २०१७ ला जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये, एमई-डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून नॉटपेट्या मर्स्कच्या नेटवर्कमध्ये, आणि तिथून थेट आपल्या न्हावा शेव्यात. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय हे कॉम्प्युटरलाच माहीत, त्यामुळे काम हातानं करायची वेळ आली.

आता लक्षणं बघा. दीडच महिना आधी, १२ मे ला, वॉनाक्राय येऊन गेला होता. तो फायलींना स्वतःचं एक्स्टेन्शन लावायचा, म्हणून सगळ्यांची नजर त्यावरच. नॉटपेट्यानं फायली लॉक केल्या, पण नावं तशीच ठेवली! साधारण तासाभराच्या आत मशीन आपोआप रीस्टार्ट. मग काळ्या पडद्यावर विंडोजचा ओळखीचा चेकडिस्क: डिस्क दुरुस्त होतेय, बंद करू नका. हा पडदा खोटा होता. त्यामागे डिस्कवरच्या फायलींची मुख्य यादीच एन्क्रिप्ट होत होती. म्हणजे त्या क्षणी वायर उपटणारा बराचसा वाचला असता, आणि सूचना पाळणारा शहाणा माणूस बुडाला. मला तर हा भाग वाचताना अजूनही चीड येते.

यानंतर लाल अक्षरं, ३०० डॉलरचे बिटकॉइन मागणारी. इथं दुसरी चूक झाली, ती आपल्यासारख्या अभ्यासकांची. चिठ्ठी दिसली म्हणून पहिल्या दिवशी बहुतेकांनी त्याला रॅन्समवेअर म्हटलं, तेही जुन्या पेट्याचंच रूप. पण पडद्यावरची ‘की’ निव्वळ रँडम निघाली, तिच्यावरून काही परत मिळणं शक्यच नव्हतं. संपर्काचा ईमेल तर त्याच दिवशी बंद केला गेला. १९८९ च्या एड्स ट्रोजननं पनामाच्या पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर मागितले होते, तिथं निदान वसुलीचा इरादा होता. इथं खंडणी हा मुखवटा, काम नासधुशीचं.

म्हणून केस स्टडी लिहिताना चिठ्ठीवरून वर्गीकरण करू नका. रीस्टार्टची वेळ, शेड्यूल्ड टास्क, पुसलेले इव्हेंट लॉग, कोणत्या अ‍ॅडमिन खात्यानं शेजारच्या मशीनवर लॉगिन केलं, हे आधी मांडा. आणि बॅकअपची डिस्क त्या मशीनला चुकूनही लावू नका, मित्रानं नेमकं तेच केलं होतं.

मर्स्कनं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. नेटवर्कचा पाया असलेल्या डोमेन कंट्रोलरची एकच प्रत शाबूत सापडली, घानाच्या ऑफिसात. हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती.