फुगडीपुरती सुट्टी

आज इतिहासाच्या गप्पा, पण राजांच्या नाहीत. विटी-दांडूच्या, सागरगोट्यांच्या, फुगडीच्या.

हे खेळ किती जुने? नाथांनी फुगडीवर भारूड रचलं. तुकोबांच्या गाथेत विटी-दांडू आहे, चेंडूफळी आहे, हुतूतूही आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षं तर झालीच. विटी-दांडूत मोजताना पोरं वकट, लेंड, मूंड, नाल म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरांची काहीतरी बडबड. पण तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू! शेजारच्या मुलखाचे आकडे आपल्या गल्लीत असे तोंडातोंडी राहिले. कागदावर कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

गल्ली मात्र मुलग्यांची. गोट्या, भोवरा, सूरपारंब्या त्यांच्या. मुलींना अंगण नाहीतर ओसरी. ठिकरी टाकून लंगडी घालायची, ती दारातच. सागरगोट्यांना तर पैसाही लागत नसे. काटेरी शेंगेतल्या राखाडी बिया त्या. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर बाकीचे उचलायचे आणि वरचाही झेलायचा. धाकटं भावंड शेजारी निजवून हा खेळ बसल्याजागी खेळता यायचा. मुलीचा खेळ असा कामाच्या कडेकडेनं चालायचा.

आणि चालायचा तरी किती वर्षं? १८७३ साली रमाबाई रानड्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं. ही नावं पुस्तकात आली. आपल्या पणज्यांची कुठली येणार! १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं. अठरा व्हायला १९७८ साल उजाडलं.

लग्न झालं की परकर सुटला, लुगडं आलं, खेळ संपला. मग सासुरवाशिणीनं खेळायचं ते सणाच्या नावानं. पंचमीला झोका आणि फुगडी, हस्तात हादगा, काही घरांत मंगळागौरीची जागरणं. त्या गाण्यांत सासू, नणंद आणि माहेर इतक्यांदा का येतं, ते आता कळतं. एरवी तोंड उघडायची सोय नव्हती. आम्हाला तर वाटतं, देवाचं नाव पुढं करून बायकांनी पदरात पाडून घेतलेली ती सुट्टीच होती. आणि झिम्मा खेळून घाम निथळला तरी दुसऱ्या दिवशी दळण चुकत नसे, हेही खरं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. गावोगावच्या मातीतला खेळ, तो मुली भर मैदानात खेळल्या, आणि सगळ्या देशानं पाहिला.

आता तुमच्याकडे एक काम. पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजींना विचारा, शेवटची लंगडी कितव्या वर्षी घातली आणि ती कुणी थांबवली? मग आपल्या लेकीला, नातीलाही तेच विचारा. दोन्ही उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.